पुरे आणि साकु

माणूस जाड झाला तर आमच्या भागात कोणी त्याला ‘जाड झालास’ म्हणत नाही. ‘तब्येत सुधारली’ म्हणतात, ‘अंग धरलं’ म्हणतात, नवीन लग्न झाले असेल तर ‘सासरचं मानवलं’ म्हणतात. कौतुक झाले की अंगावर चढते तेही मूठभर मांसच. उलट बारीक झालेल्या माणसासाठी जेवढे शब्द आहेत ते सगळे सुतकी चेहऱ्याचे. वाळला, सुकला, खंगला, उतरला. कन्नडची स्थिती वेगळी नाही. तिकडे ‘सोरगु’ म्हणजे कोमेजणे, आणि तोच शब्द वजन घटलेल्या माणसालाही लावतात. दोन भाषांच्या सीमेवर राहणाऱ्या आमच्यासारख्यांना त्यामुळे पळवाट अशी नाहीच. मराठीतून सुटलो तर कन्नडमध्ये सापडतो. गेल्या दोन-अडीच वर्षांत मी या दोन्ही भाषांतून इतक्या वेळा वाळलो आणि कोमेजलो आहे की या विषयावर चार शब्द लिहिण्याचा अधिकार मला आहे, असे समजायला हरकत नाही.

आधी आकडे सांगून टाकतो, म्हणजे वाचकांची उत्सुकता शमेल. २०२३च्या जूनमध्ये माझे वजन ८४ किलो होते. उंची पाच फूट पाच इंच. कमरेचा घेर १०४ सेंटिमीटर. सोळा महिन्यांनी वजन ७३ वर आले आणि तेव्हापासून ७२ आणि ७४ यांच्यामध्ये रेंगाळते आहे. माझ्या उंचीला भारतीय माणसाने साठ-बासष्ट किलोच असावे, असे तक्ता म्हणतो. तक्त्याचे म्हणणे मी ऐकून घेतो.

निमित्त झाले ते शाळेतल्या एका आरोग्य तपासणी शिबिराचे. सुई टोचून घ्यायला आमचे शिक्षक पुढे येईनात, म्हणून मुख्याध्यापक या नात्याने पहिला हात मी पुढे केला. दोन दिवसांनी अहवाल आले. त्यात एचबीएवनसी म्हणून एक तपासणी असते. मागच्या दोन-तीन महिन्यांत रक्तातली साखर सरासरी किती होती ते ती सांगते, त्यामुळे आदल्या दिवशी उपास करून तिला फसवता येत नाही. माझा आकडा ६.३ आला. शिबिरातला डॉक्टर आमच्याच शाळेचा जुना विद्यार्थी. तो म्हणाला, “सर, ५.७च्या खाली निवांत. ६.५ला मधुमेह. तुम्ही मधल्या पट्ट्यात आहात, पण पलीकडच्या काठाला. तुम्ही आम्हाला कधी ग्रेस मार्क दिले नाहीत, मीही देणार नाही.”

हसण्यावारी नेण्यासारखे ते वाक्य होते, पण मला हसू आले नाही. माझे वडीलही शिक्षक होते. १९९१ साली, निवृत्तीला काही महिने राहिले असताना ते गेले. मधुमेहच. त्या काळी आमच्याकडे तपासणी म्हणजे परीक्षानळीत बेनेडिक्टचे निळे द्रावण घ्यायचे, त्यात लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर तापवायचे. निळे राहिले तर ठीक, हिरवे झाले तर थोडी साखर, पिवळे झाले तर जास्त आणि विटकरी झाले की घरात शांतता. हे काम वडील स्वतः करत आणि रंग काय आला ते वहीत लिहून ठेवत. १९८९च्या उन्हाळ्यात नवी चप्पल चावून त्यांच्या अंगठ्याला जखम झाली. मधुमेहाने पायाच्या नसा बधिर झाल्या की जखम दुखत नाही, आणि न दुखणाऱ्या जखमेकडे कोण बघतो? बघितले तेव्हा अंगठा काळा पडला होता. आधी अंगठा गेला, मग गुडघ्याखालचा पाय. वर्गात उभे राहून शिकवणारा माणूस पुढची दोन वर्षे खुर्चीवर बसून शिकवत होता. शिबिरातून परत येताना मी वयाचा हिशेब केला. ते गेले तेव्हा सत्तावन्न वर्षांचे होते. मी चोपन्नचा.

तर वजन उतरवायचे ठरले. ठरवणे सोपे असते. त्याला वेळ लागत नाही आणि उष्मांकही.

याबद्दल वाचायला बसलो तेव्हा एक गोष्ट धीर देणारी आढळली. अमेरिकेत तीन हजारांहून जास्त माणसांवर झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. सगळी माझ्यासारखीच काठावरची माणसे. आठवड्याला दीडशे मिनिटे व्यायाम आणि वजनात सात टक्के घट, एवढेच त्यांच्यापुढे उद्दिष्ट होते. त्यांच्यात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झाले, गोळ्या घेणाऱ्यांपेक्षाही जास्त. सात टक्के म्हणजे माझ्या हिशेबाने सहा किलोदेखील नाही. पुढे २००६ साली चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी आपल्या लोकांवर केलेला अभ्यास आला. तिथे घट २८.५ टक्के, म्हणजे कमी. पण गंमत अशी की त्या लोकांचे वजन फारसे उतरलेलेच नव्हते. नुसते खाण्यातले आणि चालण्यातले बदलही उपयोगी पडले होते. काट्याकडे बघून निराश होणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावे.

दुसरी गोष्ट मात्र धीर देणारी नव्हती. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला होता. दोघे शेजारी शेजारी. उंचीच्या मानाने वजन मोजण्याचा जो बीएमआय नावाचा आकडा आहे तो दोघांचाही २२.३, अगदी सारखा. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिनसाहेबांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२. म्हणजे आपण हडकुळे दिसतो तेव्हाही आतून बऱ्यापैकी लोणकढे असतो. म्हणूनच आपल्यासाठी मर्यादा खाली ओढली आहे. पाश्चात्त्यांना बीएमआय पंचवीसपर्यंत चालतो, आपल्याला तेविसाला थांबायचे. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटर, बाईची ८०, त्यापलीकडे धोका. माझी बहीण फोंड्याला दिली आहे. अंगाने काटकी, आणि तिला माझ्या आधी मधुमेह. २०२३ साली देशभरच्या पाहणीचे जे आकडे आले त्यात मधुमेहाचे प्रमाण सर्वांत जास्त गोव्यात निघाले, २६.४ टक्के. तिला फोनवर सांगितले तर म्हणाली, “दादा, कशात तरी आमचा पहिला नंबर आला म्हणायचा.”

मी एम.ए. मराठीचा, गणिताचा नव्हे. पण उष्मांकांचे गणित फार कठीण नाही. साखरेच्या एका ग्रॅममध्ये चार, तेला-तुपाच्या एका ग्रॅममध्ये नऊ, आणि अंगावरची एक किलो चरबी उतरवायची तर साधारण ७,७०० उष्मांक वाचवायचे. पहिल्या आठवड्यात मी नुसती नोंद केली, बदल काही केला नाही. मुख्याध्यापकाच्या खोलीत पालक आला, चहा. केंद्रातले अधिकारी आले, चहा. वर्गणी मागायला मंडळाची मुले आली, चहा. दिवसाला सात कप भरले. कपाला दोन चमचे धरले तर सत्तर ग्रॅम साखर झाली, म्हणजे २८० उष्मांक. दिवसाला पंचवीस ग्रॅमच्या आत राहिलात तर उत्तम, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले आहे, आणि त्यात लाडू, बिस्किटे सगळे आले.

इथे माझ्या मदतीला आला तो कर्नाटक. महाराष्ट्रातल्या वाचकांना कदाचित ठाऊक नसेल, पण आमच्याकडे हॉटेलात दोन माणसे एक चहा मागवतात आणि पोऱ्या तो दोन पेल्यांत आणतो. याला ‘बाय टू’ म्हणतात. त्यात कंजूषपणा नाही, संकोच नाही. लखपतीही बेधडक ‘बाय टू’ मागतो. इतकी शहाणी चाल आपल्या हाताशी असताना ती चहापुरतीच का ठेवायची? आमच्या शिपाईमामांना सांगितले, माझा चहा बाय टू आणि साखर बाजूला. स्टाफरूममध्ये वाढदिवस, बढती, नवी गाडी, मुलीचा निकाल, काही झाले तरी कुंद्याचा बॉक्स उघडतो. बेळगावात राहून कुंदा नाकारणे म्हणजे गावाशी वैर. मी नाकारत नाही. शेजारच्या सरांना विचारतो, “बाय टू?” पहिल्यांदा लोक हसले. आता अर्धी स्टाफरूम बाय टू कुंदा खाते. काही जण मात्र दोन-दोनदा बाय टू घेतात, त्याला माझा इलाज नाही.

आहाराच्या पंथांविषयी लिहिले नाही तर लेख अपुरा राहील. २०१८च्या सुमारास मराठी घराघरांत एक वाद पेटला होता आणि तो सीमा ओलांडून आमच्या स्टाफरूममध्येही आला होता. एक पक्ष डॉ. जगन्नाथ दीक्षितांचा, दिवसातून दोनदाच जेवा, पंचावन्न मिनिटांत उरका, मध्ये काही नको. दुसरा ऋजुता दिवेकरांचा, थोडे थोडे, वेळेवर, घरचे आणि आपल्या मातीतले खा. गणिताचे सर दीक्षित, हिंदीच्या बाई दिवेकर. दोघांचीही वजने उतरली. मला यातून इतकेच कळले की दोन्ही पक्षांत एक गोष्ट समान आहे, आणि ती म्हणजे जाता-येता तोंडात टाकायचा चिवडा, शेव, बिस्किटे बंद होतात. माझ्या स्वभावाला तीन वेळचे जेवण मानवते, मी तेच ठेवले. ज्यांना साखरेच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू आहे त्यांनी मात्र उपासाचा प्रयोग डॉक्टरला न विचारता करू नये. साखर एकदम उतरून माणूस बेशुद्ध पडतो, आणि आपल्याकडे त्याला आधी कांदा हुंगवतात.

आता २०२५ सालापासून वजन उतरवण्याची, आठवड्याला एकदा घ्यायची इंजेक्शनेही आपल्या देशात मिळू लागली आहेत. ज्यांना खरोखर गरज आहे त्यांना ती वरदान ठरतील. मी विचारले तेव्हा आमचा डॉक्टर म्हणाला, “सर, तुमचं भाकरीवर भागतंय, तोवर भागवा.”

भाकरीविषयी एक गैरसमज आहे, तो इथेच काढतो. ज्वारीत उष्मांक कमी असतात असे अनेकांना वाटते. तसे नाही, गव्हाइतकेच असतात. पण भाकरी चावावी लागते, तिच्यात कोंडा असतो, आणि चार पोळ्या सहज खाणारा माणूस दोन भाकरीत थांबतो. आमच्या भागातले जुने ताट बघा. एक भाकरी, मुळा-मेथीचा कच्चा पाला, मोड आलेल्या कडधान्याची उसळ, एण्णगायी म्हणजे भरली वांगी, ताक, आणि शेवटी थोडा भात. यात नाव ठेवण्यासारखे काय आहे? एण्णगायीच्या नावातच तेल आहे, हे एक, आणि शेंगाची चटणी, जी आम्ही तोंडीलावणे म्हणून न खाता भाजी म्हणून खातो, हे दुसरे. शेंगदाणा जवळजवळ निम्मा तेलच असतो. ताट तसेच ठेवले, मापे बदलली. भाजी-कोशिंबिरीने अर्धे ताट भरायचे, उरलेल्या अर्ध्यात डाळ-उसळ-दही आणि भाकरी-भात. चार माणसांच्या आमच्या घरात महिन्याला पाच लिटर तेल लागत होते. भागाकार केला तर माणशी रोज ३८ ग्रॅम, म्हणजे साडेतीनशे उष्मांक नुसते फोडणीतून. सौभाग्यवतींनी ते अडीच लिटरवर आणले. “चवीत फरक पडलाय का हो?” असे महिन्याभराने मला विचारले तेव्हा मला बदल झाल्याचे कळले. साखर सोडून गूळ मात्र आम्ही घेतला नाही. गूळ चालतो अशी एक श्रद्धा गोड माणसांत असते. रक्ताला त्यातला फरक समजत नाही. बेळगावचे मांडे वर्षातून एकदा, लग्नसराईत, आणि तेही बाय टू. एरवी मनातले खातो. त्याला पिठीसाखर लागत नाही.

हे सगळे जमले. जमेना ते आईचे.

आईचे वय त्र्याऐंशी. माहेर बैलहोंगल बाजूचे, त्यामुळे तिच्या बोलण्यात अर्धे कन्नड. तिचे सगळे आयुष्य दुसऱ्यांना वाढण्यात गेले. आमच्याकडे दारात आलेल्याला ‘कसे आहात’ विचारायच्या आधी ‘ऊटा आतेन्री’ विचारतात, जेवण झाले का. पाहुणा मराठीत ‘पुरे’ म्हणो नाही तर कन्नडमध्ये ‘साकु’, दोन्ही शब्दांचा अर्थ एकच धरला जातो, की अजून एक वाढा. ‘नको नको’ म्हणजे होय, हे तर व्याकरणच आहे. जी माणसे दुष्काळ पाहून आली, ज्यांनी रेशनचा मिलो पाहिला, त्यांच्या प्रेमाला पानात पडल्याशिवाय आकार येत नाही. अशा माणसासमोर तिच्या मुलाने ताटावर हात आडवा धरायचा!

पहिले दोन महिने तिने सहन केले. एके रात्री दुसरी भाकरी ताटाकडे आली, मी हात आडवा धरला आणि म्हणालो, “आई, बाबांचं काय झालं ते आपण पाहिलंय ना?” ती थांबली. भाकरी परत टोपलीत ठेवली. मग म्हणाली, “म्हणजे काय म्हणतोस? मी खायला घालून मारलं त्यांना?”

सौ. आत निघून गेल्या. मुलगा ताटात बघत बसला. मला उत्तर सुचेना. कारण प्रश्न बरोबर माझ्या वाक्यातूनच निघत होता, आणि तो तिने बहुधा इतक्या वर्षांत कोणाला विचारला नसावा, स्वतःला सोडून.

पुढचे चार दिवस ती न विचारता वाढत होती. आमच्या घरात न विचारता वाढणे हा अबोला. पाचव्या दिवशी मी बाबांची जुनी वही काढली. तारखांपुढे निळा, हिरवा, पिवळा, विटकरी असे रंग त्यांच्या अक्षरात लिहिलेले. तिला वाचून दाखवले. रंग दिसायचा तेव्हा साखर आधीच इतकी चढलेली असायची की ती लघवीतून वाहत होती. त्याच्या कितीतरी आधी, आज माझ्या बाबतीत दिसला तसा काठ त्या काळच्या नळीत दिसतच नव्हता. शिवाय चुलत आजोबांना, आत्याला, सगळ्यांनाच हा रोग होता; तो काही तुझ्या भाकरीतून आला नाही. तिने वही हातात घेतली. तिला आता अक्षर दिसत नाही. पानावरून बोट फिरवत म्हणाली, “एकादशीला निळं यायचं.” मला ते माहीत नव्हते. वहीत पाहिले तर काही एकादशींना खरेच निळे होते. थोडे खाल्ले की रंग उतरतो, हे तिने त्या काळी चुलीजवळ बसून टिपले होते, आणि ते कोणी तिला विचारले नव्हते.

त्यानंतर ती बदलली असे म्हणणार नाही. त्र्याऐंशीव्या वर्षी माणसे बदलत नाहीत. पण माप तिने आपल्या हातात घेतले. माझ्या वाट्याचा तांदूळ ती तिच्या मुठीने मोजून काढते. तिची मूठ आता लहान झाली आहे, त्याचा फायदा मला मिळतो. गेल्या वर्षी बैलहोंगलला मामेबहिणीकडे जेवायला गेलो होतो. होळगी म्हणजे आपली पुरणपोळी. बहीण तिसरी घेऊन उभी, “अण्णा, येवढी तरी घ्या की, नाहीतर मला वाईट वाटतंय बघा.” मी पुरे म्हणालो, साकु म्हणालो, काही चालेना. तेवढ्यात पलीकडच्या पंक्तीतून आई म्हणाली, “साकु अंद्र साकु.” साकु म्हटले म्हणजे साकु. बहिणीने पोळी परत नेली. कन्नड भाषेतल्या त्या शब्दाचा शब्दशः अर्थ त्या दिवशी मी पहिल्यांदा अमलात आलेला पाहिला. मग आईने ती तिसरी पोळी स्वतःच्या ताटात मागवून घेतली. तिची साखर उत्तम आहे.

व्यायामाकडे वळतो. टिळकवाडीतला व्हॅक्सिन डेपो बेळगावकरांना सांगायला नको. दाट झाडी, लाल माती, मोकळी वाट. ब्रिटिशांच्या काळात इथे देवीची लस तयार होत असे. तो रोग १९८० साली जगातून गेला. आता त्याच झाडांखाली पहाटे जी गर्दी फिरते ती ज्या रोगाला भिऊन फिरते त्याला लस नाही. गर्दीचे प्रकार आहेत. काही जण गप्पा मारायला येतात आणि चालणे तोंडी लावतात. काही जण हात असे फेकतात की मागच्याने अंतर ठेवून चालावे. एक गट चालून झाल्यावर थेट इडली-वड्याला जातो. पाऊण तास बऱ्या वेगाने चालले तर माझ्या वजनाच्या माणसाचे साधारण दोनशे उष्मांक खर्च होतात; इडली-वडा-चटणीची एक प्लेट तीनशेच्या घरात. म्हणजे ती मंडळी रोज चालून शंभर कमावून घरी येतात. नुसत्या चालण्याने वजन उतरत नाही, अशी त्यांची तक्रार असते, आणि ती खरीच आहे. उतरते ते ताटात. चालण्याने ते उतरलेले टिकते, साखर ताब्यात येते, रात्री झोप लागते. दहा हजार पावलांचा मंत्रही काही वेदवाक्य नाही. १९६५ साली जपानात पावले मोजायचे एक यंत्र विकायला काढले, त्याचे नाव ‘दहा हजार पावले मोजणारे’ असे होते, तिथून तो आकडा पसरला. मी पाऊण तास चालतो, पावले मोजत नाही.

पण जून ते सप्टेंबर बेळगावचा पाऊस कोणाला चालू देत नाही. त्या चार महिन्यांसाठी औंधकर उपयोगी पडले. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातल्या शाळांत सूर्यनमस्कार सुरू केले होते आणि स्वतः म्हातारपणापर्यंत घातले. मी तीन नमस्कारांपासून सुरुवात केली, कारण चौथ्याला गुडघा बोलला. आता चोवीस होतात. त्याहून उपयोगी ठरल्या बैठका. आमच्या दहावीच्या वर्गातला एक मुलगा तालमीत जातो. मी व्हरांड्यात बैठका काढत होतो, ते त्याने पाहिले आणि भीत भीत म्हणाला, “सर, टाच उचलतीया तुमची. तसं केलं तर गुडघा जातोय.” त्याने दाखवले, मी शिकलो. पन्नाशीनंतर नुसते खाणे कमी केले तर चरबीबरोबर स्नायूही झडतात, आणि जेवणानंतर रक्तातली साखर उचलून नेणारे मुख्य हमाल ते स्नायूच. मांड्यांचे स्नायू त्यात सर्वांत मोठे. तालमीतल्या लोकांना हे शास्त्र न वाचताही ठाऊक आहे. त्यांना दुसरीही गोष्ट ठाऊक आहे, ती ते हळू आवाजात सांगतात. कुस्ती सुटते तेव्हा जोर-बैठका सुटतात, पण दूध-तूप-बदाम सुटत नाही, आणि मग एकेकाळचा पैलवान चाळिशीत जिना चढताना थांबतो.

नवव्या महिन्यात काटा ७६ वर येऊन बसला आणि दहा आठवडे हलला नाही. तेच ताट, तेच चालणे. हे सगळ्यांना होते आणि बहुतेक जण इथेच सोडून देतात. कारण अगदी साधे आहे. आठ किलो ओझे कमी झाले की शरीराला रोजचा खर्चही कमी लागतो. कालची बचत आज खर्चाइतकीच होऊन बसते. शरीर आपल्या परीने काटकसरी आहे, दुष्काळ विसरत नाही. डॉक्टरने सांगितले, काटा माळ्यावर टाका, घरातली शिवणाची टेप घ्या. वजन जागचे हलले नव्हते त्या दहा आठवड्यांत कंबर तीन सेंटिमीटर कमी झाली. आता ती ९३ आहे. एचबीएवनसी ५.८, म्हणजे अजून पट्ट्यातच, पण अलीकडच्या काठाला.

लोकांचे सांत्वन अजून चालू आहे. बाजारात जुने पालक भेटतात आणि आवाज खाली आणून विचारतात, “सर, काय झालंय? दाखवलं काय कुणाला?” एकाने तर मिरजेच्या डॉक्टरांचे नाव सुचवले. पहिल्यांदा मी सगळी हकीकत सांगत असे. ती ऐकून ते आणखी हळहळत. इतके दिवस भाकरीवर काढले बिचाऱ्यांनी. आता मी नुसते ‘शुगर होती, गेली’ म्हणतो. तेवढ्याने त्यांचे समाधान होते, कारण रोग होता हे तरी पक्के झाले.

दसऱ्याच्या आधी पँटी घेऊन शहापुरातल्या आमच्या शिंप्याकडे गेलो. तीस वर्षे तो माझे कपडे शिवतो, दर चार वर्षांनी एक इंच सोडत आला आहे. त्याने टेप लावली, पुन्हा लावली, चष्म्यावरून बघितले. चाळीसची कंबर छत्तीसवर. सहा पँटी टेबलावर उलट्या करून ठेवल्या, खडूने रेघा मारल्या आणि कात्री हातात घेऊन विचारले, “सर, जादा कापड कापू, की आतच ठिवू?”

मी थोडा वेळ विचार केला आणि म्हटले, आतच ठेव.